बंद पडलेली सिपानी डॉल्फिन पुन्हा रस्त्यावर आणताना : सेल्फ मारण्याआधीची कामं

डॉल्फिन, म्हणजे सिपानीची ऐंशीच्या दशकातली फायबर बॉडीची छोटी गाडी, हाती लागली की पहिल्या रविवारी काय होतं ते मला आता पाठ झालंय. नवी बॅटरी येते, कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओतलं जातं, कुणीतरी सेल्फ मारतो. इंजिन चार-पाच सेकंद फुरफुरतं, टाळ्या पडतात, व्हिडिओ निघतो. तीन आठवड्यांनी त्याच मालकाचा फोन येतो, "ऑइल दुधासारखं झालंय, आता काय करू?" म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलंय.

ही गाडी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरसारखी नाही. ८४८ सीसीचं इंजिन अॅल्युमिनियमचं, त्यात ओले लायनर (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी; ओला म्हणजे पाणी थेट तिच्या अंगाला लागतं), वर फायबरची बॉडी आणि खाली लोखंडी चेसिस. जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या सवयी इथे तीन ठिकाणी उलट्या पडतात : पाणी, अर्थिंग आणि फायबर. बनवणारी बेंगळुरूची सिपानी आता गाड्या बनवत नाही आणि जिच्या किटन या गाडीवरून डॉल्फिन आली ती इंग्लंडची रिलायंट कंपनीही बंद पडली. त्यामुळे तुमच्या हातून जे मोडेल ते काउंटरवर जाऊन मागता येणार नाही.

क्रम असा : कागद, चेसिस, ब्रेक, पाणी, पेट्रोल, वायरिंग, मग सेल्फ. बॉडी आणि रंग सगळ्यांत शेवटी. सिपानीच्याच चार दारांच्या मोंटानालाही हेच लागू.

१. कागद : पैसे देण्याआधी

आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. नंबर गंजाखाली गेला असेल तर केरोसिन आणि चिंधीने हळूहळू साफ करा. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर लावला आणि आकडा झिजला, तर आरटीओत पेन्सिल प्रिंट उमटणार नाही आणि मग तुम्हीच संशयित.

इंजिन नंबर वेगळाच निघाला तर समजा की इंजिन बदललेलं आहे. ते आरसीवर चढलेलं नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत केलेले बदल) प्रश्न येतो. हे काम विकणाऱ्याकडून आधी पूर्ण करून घ्या.

गाडी कर्नाटकातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर आधी फॉर्म ३१. पंधरा वर्षांची मुदत संपलेली असणारच. नूतनीकरण फॉर्म २५ ने होतं, पाच वर्षांसाठी मिळतं आणि त्याआधी गाडी तपासणीला न्यावी लागते. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. जुन्या पुस्तकी आरसीची नोंद सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत आहे का तेही पाहा. नसेल तर मूळ आरटीओतून बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद प्रणालीत चढवणं) झाल्याशिवाय पुढचा एकही अर्ज सरकत नाही.

नेहमीची चूक : "विंटेजमध्ये रजिस्टर करून टाकू." २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी. डॉल्फिन १९८२ पासूनची. सगळ्यांत जुनी डॉल्फिनसुद्धा २०३२ च्या आधी त्यात बसत नाही. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

२. घरी आणणं आणि उभी करणं

ओढून आणू नका, सपाट ट्रकवर आणा. दोर चाकांना किंवा अॅक्सलला बांधायचा, बंपरला किंवा बॉडीच्या कुठल्याही भोकाला नाही. ढकलणाऱ्या मंडळींनाही आधीच सांगून ठेवा. चार माणसं डिकीवर तळहात टेकवून जोर लावतात आणि मागच्या दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

जॅक फक्त चेसिसला किंवा अॅक्सलला. दाराखालचा फायबर दिसायला मजबूत असतो, जॅकवर तो बिस्किटासारखा फुटतो. गाडी चार स्टँडवर घ्या आणि पुढची सगळी कामं होईपर्यंत खाली उतरवू नका.

३. चेसिस : रंगाआधी गंज

फायबर गंजत नाही, हाच खरा धोका. लोखंडी बॉडीची गाडी सडली की बाहेरून फुगे दिसतात. डॉल्फिन वरून चकाचक असते आणि खाली चेसिस चाळणी झालेलं असतं. काही जण गाडी बघताना खिशातून लोहचुंबक काढतात. इथे ते चिकटतच नाही, त्यामुळे लांबी (पुट्टी) किती भरली आहे तेही कळत नाही. त्यासाठी बोटाच्या पेराने ठोका. फायबर पोकळ आवाज देतं, लांबीचा थर बद्द वाजतो.

चेसिसला तारेचा ब्रश मारा, मग छोट्या हातोडीने इंचाइंचाने टकटक करत जा. निरोगी लोखंड खणकतं. आवाज बसला तिथे जुना स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) टेकू, पुढच्या सस्पेन्शनच्या जोडण्या, बॉडी बसते ते ब्रॅकेट आणि पाणी साचेल असा प्रत्येक कोपरा तपासा. डांबरी कोटिंग असेल तर ते खरवडा. कोटिंगखालचा गंज बघितल्याशिवाय "चेसिस ओके" म्हणू नका.

सावधान : वेल्डिंग निघालं तर शेजारची बॉडी सुटी करून उचला. पॉलिएस्टर फायबर पेट घेतं, काळा धूर सोडत भराभर जळतं आणि सहज विझत नाही. ओलं गोणपाट लावून भागत नाही. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी हवाच, आणि आजपासून तो गाडीतही कायमचा ठेवा.

४. ब्रेक

इंजिन चालू झालं की माणसाला गाडी दोन फूट तरी हलवायचा मोह होतोच. म्हणून ब्रेक आधी.

पहिली चूक पहिल्याच मिनिटात होते : पेडल तळापर्यंत मारत राहणं. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन वर्षानुवर्षं गेलेला नाही तिथे गंजाचे खड्डे असतात, सील त्यावर घासून फाटतं. पेडलला हात लावू नका. ड्रम उघडा, व्हील सिलिंडर आणि मास्टर खोला. आतून नखाला खड्डे लागत असतील तर किट (नव्या रबरी सीलचा संच) टाकून उपयोग नाही. सिलिंडर बदला किंवा आतून स्लीव्ह करून घ्या. बदलताना "अमक्या गाडीचा बसतो" यावर जाऊ नका. जुन्याचा बोअर व्हर्नियरने मोजा, पाइपचा आटा जुळवा आणि डाव्या-उजव्या बाजूला एकाच मापाचे घाला.

ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. रबराचे भाग पेट्रोल-डिझेलमध्ये धुणं ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे. त्याने सील फुगतं आणि महिन्याभरात ब्रेक जाम होतो. फक्त ताजं ब्रेक ऑइल वापरा. रबरी होज तिन्ही-चारही बदला, बाहेरून चांगले दिसले तरी.

हवा काढताना मास्टरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

तपासणी : पेडल दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली जात असेल आणि कुठे गळती दिसत नसेल, तर मास्टर आतल्या आत सोडतोय.

५. पाणी आणि लायनर : इथे घाई केली तर गाडी गेली

बहुतेक डॉल्फिन याच टप्प्यावर मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओतीव लोखंडाच्या इंजिनात नळाचं पाणी घालून लोकांनी आयुष्यं काढली. अॅल्युमिनियमला ते चालत नाही. साध्या पाण्याने ब्लॉक आतून खाल्ला जातो, पांढरट गाळ तयार होतो आणि तो लायनरच्या तळाशी बसतो. लायनर खालच्या सीलवर टेकलेले आणि वरून हेडने दाबलेले असतात. तळाचं सील गेलं की पाणी थेट ऑइलच्या चेंबरमध्ये.

आधी ऑइल बघा. डिपस्टिकवर विसंबू नका. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर पाणी तळाला बसलेलं असतं आणि काडीला वरचं स्वच्छ ऑइल लागतं. खाली काचेची बरणी धरा आणि चेंबरचा नट दोन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी जड, म्हणून तेच आधी ठिपकतं. दोन-चार थेंब आले तर ती वाफ थंड होऊन साचलेली असू शकते. बरणीत बोटभर पाणी आलं तर थांबा. हे इंजिन आता चालू करायचं नाही, उघडायचं आहे.

पाणी नसेल तर पुढे चला.

प्लग काढा, इंजिन गार असतानाच. अॅल्युमिनियम हेडचे आटे मऊ असतात. प्लग अडला तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल घाला आणि तीन दिवस गाडीकडे बघू नका. मग क्रँकच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरवा. लांब पाइप लावून जोर नको. हललं नाही तर आणखी ऑइल, आणखी तीन दिवस. चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलणं आणि ट्रॅक्टरने ओढणं हे दोन्ही उपाय मी पाहिले आहेत. दोन्हींत जोर कुठे लागतो ते आपल्या हातात राहत नाही.

आता रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हीकडून पाणी काढा. ब्लॉकचा नट उघडूनही काही येत नसेल तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. भोकात तार घाला. माझ्या गाडीत तार दोन इंच आत गेल्यावर आधी ओल्या चुन्यासारखा लगदा आला, मग पाण्याची गढूळ चिळकांडी. स्वच्छ पाणी येईपर्यंत उलट्या दिशेने धुवा, म्हणजे वरच्या होजमधून आत, खालून बाहेर.

सावधान : रेडिएटर साफ करायला धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक वापरू नका. कॉस्टिक अॅल्युमिनियम विरघळवतं.

हेड काढायची वेळ आलीच तर दोन गोष्टी. हेड गंजून स्टडवर (ब्लॉकमधून वर आलेल्या आट्याच्या दांड्यांवर) धरून बसतं. फटीत स्क्रूड्रायव्हर ठोकला तर सपाट पृष्ठभाग कायमचा जातो. तेल, थोडी ऊब आणि लाकडी ठोकळ्यावरून हलके घाव, चार दिवस लागले तरी चालतील. दुसरी जास्त महत्त्वाची : हेड काढल्यावर क्रँक फिरवायचा नाही. वरचा दाब गेलेला असतो, पिस्टन वर येताना लायनरला सोबत उचलतो आणि खालचं चांगलं सील तुटतं. फिरवायचंच असेल तर आधी स्टडवर नळीचे तुकडे, वॉशर आणि नट लावून लायनर दाबून धरा. हे मेकॅनिकला कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं जेवणाच्या सुट्टीनंतर कुणाच्या लक्षात राहत नाही.

बसवताना प्रत्येक लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा किंचित वर आला पाहिजे आणि चारही सारखे. खाली बसलेल्या लायनरवर जगातलं कुठलंही गॅस्केट टिकत नाही. गॅस्केट आणि सीलसाठी रिलायंट किटन आणि रिलायंटच्याच ८४८ सीसीच्या तीन चाकी रॉबिनचे भाग ब्रिटनमध्ये अजून मिळतात, पण मागवण्याआधी जुना भाग मोजून फोटोसह पाठवा.

शेवटी अॅल्युमिनियमला चालणारं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट काढून फेकू नका. "आपल्या हवेत त्याची गरज नाही" असं म्हणणारा माणूस प्रत्येक गॅरेजमध्ये एक असतो. चांगला थर्मोस्टॅट उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकला की डोळ्यांदेखत उघडतो, तेवढी खात्री करून बसवा.

६. पेट्रोल

टाकी उतरवा. जुन्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येतो; ते "थोडं नवीन मिसळून" वापरू नका. टाकीत गंज असेल तर आतून साफ करून घ्या, नाहीतर फिल्टर बदलत बसाल.

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ऐंशीच्या दशकातले रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, शेवटी ठिबकतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉलला चालेल असा घ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किटही बदला. तिसऱ्या टप्प्यातला फायबरचा काळा धूर आठवा, म्हणजे या खर्चाचं वाईट वाटणार नाही. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

७. वायरिंग : बॉडीला अर्थ मिळत नाही

लोखंडी गाडीत दिव्याची एक वायर बॉडीला टेकवली की काम झालं. फायबरमधून वीज जात नाही. इथे प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, वायपरच्या मोटरची अर्थ वायर परत चेसिसपर्यंत आली पाहिजे.

माझ्या गाडीत ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटायचा आणि टेल लॅम्प विझायचा. एका इलेक्ट्रिशियनने दोन दिवस खर्चून स्विच बदलला, फ्लॅशर बदलला, शेवटी "वायरिंग हार्नेसच नवीन टाका" म्हणाला. मागचा दिवा उघडला तर अर्थची काळी वायर एका स्क्रूने थेट फायबरला आवळलेली. आधीच्या कुणीतरी सवयीने केलेलं काम. करंटला घरी जायला रस्ता नव्हता, तो शेजारच्या बल्बमधून वळसा घेत होता. दीड मीटर वायर चेसिसपर्यंत नेली आणि तिन्ही दिवे सुधारले.

म्हणून : मागे एक आणि पुढे एक अशा दोन जाड अर्थ वायरी खरवडून स्वच्छ केलेल्या चेसिसवर आणा, सगळे दिवे त्यांना जोडा. इंजिन आणि चेसिसमधली पट्टीही बघा. ती तुटली असेल तर सेल्फचा करंट चोक किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

प्लगच्या वायरी काढण्याआधी टेपवर आकडे लिहून चिकटवा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बारीक पेपरने घासा, त्यांच्यातली फट गेजने लावा, कंडेन्सर सरळ नवीन घ्या.

८. पहिलं स्टार्ट

ताजं २०डब्ल्यू-५० खनिज ऑइल, नवा फिल्टर. प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ पाच-पाच सेकंद मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग सर्व सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा आणि लिहून ठेवा. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा : वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधलं गॅस्केट.

प्लग लावा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा, स्टार्ट करा. रेस करू नका. झाकणातून सतत बुडबुडे येत राहिले आणि थांबतच नसले तर लगेच बंद. थोडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा होती. तेवढ्यावर झाकण लावा आणि गाडी गरम होऊ द्या. वरचा होज आधी गार राहून मग एकदम तापला की थर्मोस्टॅट उघडला. पूर्ण गार झाल्यावर पातळी बघून भर घाला.

सावधान : काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी गळून सेन्सर हवेत उघडा पडला तर काटा थंडच दाखवतो. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतणाऱ्या मदतगाराला लांबूनच थांबवा.

९. पहिले शंभर किलोमीटर

टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कोड तीन आकडी असेल तर टायर गेल्या शतकातला आहे. नक्षी कितीही शाबूत असो, फेका.

पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, आणि परत येऊन प्रत्येक ड्रमवर हात. एक इतरांपेक्षा तापला असेल तर तो ब्रेक धरतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी गार असताना, पाणी आणि ऑइल. हे आठ दिवस रोज करा आणि वहीत लिहा. पाण्याची पातळी रोज थोडी उतरत असेल आणि जमिनीवर डाग नसेल, तर ते आत जातंय. पाचव्या टप्प्यावर परत.

१०. बॉडी आणि रंग, आता

चीर दिसली की वरून लांबी भरून रंग मारणं ही सगळ्यांत महाग स्वस्ताई. सहा महिन्यांत तीच चीर रंगातून वर येते. चीर व्हीच्या आकारात उघडा, आतल्या बाजूने खरखरीत घासा आणि आतूनच मॅटचे (काचेच्या तंतूंच्या कापडाचे) दोन-तीन थर रेझिनने बसवा. लांबी फक्त शेवटचा हात फिरवायला. रंग काढायला रिमूव्हर लावू नका, तो फायबरही मऊ करतो, पेपरनेच उतरवा. ओव्हनमध्ये भाजायचा रंग नको, हवेत सुकणारा घ्या. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत थर नीट धरत नाहीत.

सावधान : दुकानात रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन बाटल्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. दोन्हींसाठी मापाचं झाकणही वेगळं ठेवा. उरलेलं रेझिन डब्यात तापत राहतं, तो डबा गाडीपासून लांब उघड्यावर ठेवा.

दार लोंबत असेल तर बिजागरी दोषी नसते, तिच्या बोल्टभोवतीचं फायबर चुरलेलं असतं. आणखी आवळलं तर भोक आणखी मोठं होतं. आतून मॅटचा थर द्या, मागे हाताच्या पंजाएवढी लोखंडी पट्टी घाला, मोठे वॉशर लावा आणि दार बसेल इतपतच आवळा. आठवड्याने पुन्हा एकदा पाना फिरवा.